एका 'अ'ची गोष्ट

'अन्न हे पूर्णब्रह्म' आपल्याला तोंडपाठ. आमच्या बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी त्यात एक 'अ' घातला आणि 2015 मध्ये पुस्तक आलं, 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं, पाककृतींसकट. त्यातल्या चान्या बघा : मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, उन्हात कडक वाळवायच्या, लागतील तशा काढायच्या. फ्रीज नसलेल्या घरातली बेगमी! ताटात काय पडणार हे जात कशी ठरवायची, तेही पाटोळे आडपडदा न ठेवता सांगतात. 2024 मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. चांगलंच झालं. पण आपण मराठीतूनच वाचावं. वजडीला इंग्रजीत वास येत नाही.