परगांवचें ताट

प्रवासाला निघालेल्या माणसाला तीन काळज्या असतात. गाडी वेळेवर मिळेल कीं नाहीं, उतरावयास जागा मिळेल कीं नाहीं, आणि जेवणाचें काय. पहिल्या दोन काळज्या आतां बऱ्याच कमी झाल्या आहेत. तिकीट घरबसल्या निघतें, खोलीही घरबसल्या ठरते. तिसरीनें मात्र नुसतें रूप पालटलें आहे. पूर्वीं जेवण मिळेल कीं नाहीं याची चिंता असे. आतां जेवण ठिकठिकाणीं मिळतें, पण तें त्या गांवचें असेल कीं नाहीं याची चिंता असते. कोल्हापुरास जा, जळगांवास जा, नाहीं तर रत्नागिरीस जा. हमरस्त्यावरच्या बहुतेक भोजनगृहांत तीच पनीरची भाजी, तीच पिवळी डाळ आणि तीच मैद्याची रोटी पुढें येते. हें असें कां होतें, आणि ज्याला त्या त्या ठिकाणचें चांगलें जेवण हवें असेल त्यानें काय करावें, याविषयीं, श्रोतेहो, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षांत घेऊं. प्रत्येक मुलखाचें ताट तेथील पावसानें वाढलेलें असतें. एकट्या सातारा जिल्ह्याचेंच उदाहरण पाहा. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यांत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून घाटाकडे भात आणि नाचणी, तर माणदेशांत ज्वारी आणि बाजरी. घाट उतरून कोंकणांत गेलें कीं शेंगदाण्याची जागा नारळ घेतो आणि चिंचेची जागा आमसूल. खानदेशांत भरिताचीं हिरवीं वांगीं आणि कळण्याची भाकरी, सोलापुराकडे ज्वारी आणि शेंगांची चटणी. जळगांवचें भरिताचें वांगें आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांना २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण तेथील माणसांच्या जिभेनें तें मानांकन त्यांस पूर्वींच दिलेलें होतें.

दुसरी गोष्ट धान्याच्या अंगच्या गुणाची. गव्हाचें पीठ भिजलें कीं त्यांत चिवट तंतूंचें जाळें तयार होतें. शास्त्रांत त्या द्रव्यास ग्लूटेन म्हणतात. त्यामुळें कणीक मळून ठेवतां येते आणि सकाळची पोळी संध्याकाळीं खातां येते. ज्वारीच्या पिठांत तें द्रव्य नाहीं. तेथें गरम पाणी आणि तळहाताचा जोर यांनींच चिकटपणा आणावा लागतो. पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते आणि थापतांना भाकरी कडेनें चिरते. ती तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगास पाणी फिरवावें लागतें, आणि शेवटीं आरावर फुगवावी लागते. सोलापूरची कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते खरी, पण तो निराळाच पदार्थ आहे. एरवीं भाकरी ही करून ठेवण्याची वस्तु नव्हे. कोणी तरी चुलीपाशीं बसून, जेवणाऱ्याकडे पाहत, एकेक करून वाढण्याची ती वस्तु आहे.

हमरस्त्यावरच्या एकसारख्या जेवणाचें कारण येथेंच सांपडतें. कांदा-टोमॅटोचें वाटण सकाळीं परतून ठेवलें कीं त्या एका पातेल्यांतून दिवसभर वीस नांवांच्या भाज्या निघतात. पिठल्याचें तसें नाहीं. तें निवलें कीं घट्ट होऊन बसतें. भाकरीचेंही तसें नाहीं. ज्या धंद्यांत वेळ हाच पैसा, त्या धंद्यांतून हे पदार्थ प्रथम हद्दपार होतात.

मग घरच्या जेवणाची चव म्हणजे नेमकें काय? कोणी म्हणतात, ती पूर्वजांपासून चालत आलेली असते. पण आपली उपवासाची खिचडीच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले. मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांच्या जहाजांतून या किनाऱ्यास लागली. तेव्हां घरची चव जिन्नसांच्या जुनेपणांत नाहीं. ती वाढणाऱ्या हाताच्या जाणिवेंत आहे.

१९७२ सालच्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. रेशनच्या दुकानांत मिलो नांवाची परदेशची तांबडी ज्वारी मिळे. तिची भाकरी आमच्या घशाखालीं उतरत नसे. आई ती होईल तितकी पातळ थापी, तव्यावर कडक भाजी आणि वर लसणाच्या चटणीचें बोट फिरवून देई. थोरल्या भावाला चटणी तिखट लागे, म्हणून त्याची वेगळी वाटी असे. सर्वांचें झाल्यावर ती जेवावयास बसे. तिच्या वांट्यास काय उरलें आहे हें तिनें आम्हांस कधीं कळूं दिलें नाहीं. आई जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तें धान्य पुन्हां मिळावें असें मला मुळींच वाटत नाहीं. पण कोणाला काय सोसत नाहीं हें न विचारतां जाणणारें तसें वाढणें कोठें आढळलें, कीं तेथें मी दोन घांस जास्त जेवतों.

असें वाढणें पैसे देऊनही मिळूं शकतें. मास्तरकीच्या बदल्यांत मला निरनिराळ्या गांवच्या खानावळींत महिनेमाल जेवावें लागलें, त्यावरून हें सांगतों. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळवाल्या बायांकडे जेवत. गिऱ्हाईक गांवाकडचें, म्हणून जेवणही गांवाकडचें. या कष्टाळू बायांना संघटित करण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. १९८२ चा संप झाला, पुढें गिरण्या बंद पडल्या, आणि त्या पंगतीही मोडल्या. पण त्यांतला नियम आजही खरा आहे. एकदांच येणाऱ्या पाहुण्याला कसेंही जेवूं घालतां येतें. रोज येणाऱ्याला येत नाहीं. जेथें महिन्याचे जेवणारे आहेत, तेथील आचारी सावध असतो.

दुसरा नियम कर्जतच्या स्टेशनावर शिकावा. भोर घाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. घाट चढण्यासाठीं गाडीला मागून जादा एंजिन जोडावें लागे, म्हणून गाड्या कर्जतास थांबत. आणि त्या सक्तीच्या विसाव्यानेंच तेथील बटाटेवडा नांवारूपास आला. जेथें खप मोठा आणि वेळ थोडा, तेथें पदार्थ कढईंतून थेट हातांत येतो. ताजेपणाची आणि आरोग्याचीही याहून चांगली हमी नाहीं.

आतां प्रवाशाच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी सांगतों. परगांवीं उतरल्यावर “येथें चांगलें हॉटेल कोणतें?” असें विचारूं नये, उत्तरादाखल महागडें हॉटेल दाखविलें जातें. “आपण स्वतः दुपारीं कोठें जेवतां?” असें विचारावें, आणि तें कचेरींतल्या कारकुनाला, बाजारांतल्या हमालाला किंवा मुक्कामी एस. टी.च्या चालकाला विचारावें. पहिल्या पंगतीस जावें. पाटीवर पदार्थ जितके थोडे, तितकी आशा अधिक, “आज काय केलें आहे?” या प्रश्नाला जेथें एका वाक्यांत उत्तर मिळतें, तेथें खुशाल बसावें. आपण बसल्यानंतर भाकरी थापल्याचा आवाज आला तर आपण योग्य जागीं आलों असें समजावें. कापून ठेवलेल्या काकडीपेक्षां वाफाळती आमटी प्रकृतीस बरी. कोंकणांत घरगुती जेवणाची सोय पुष्कळ ठिकाणीं असते, पण तेथें सकाळींच माणसें किती तें सांगून ठेवावें. कारण नारळ आणि मासे त्या अंदाजानेंच घरांत येतात. जून-जुलैंत यांत्रिक नौकांना समुद्रांत मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरण्यापेक्षां सुक्या सोड्यांचें कालवण मागावें.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गेल्या वर्षीं एका तालुक्याच्या गांवीं एका बाईंच्या खानावळींत मीं पिठलें-भाकरी मागितली. त्या म्हणाल्या, “मास्तर, परगांवची माणसं पनीरच मागतात. भाकरी आतां दोघांतिघांपुरतीच करते. सुनेला शिकवावी, तर ती विचारते, खाणार कोण?” त्या प्रश्नाला पुस्तकांतून उत्तर देतां येत नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं छापलें गेलें, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं घराघरांत गेली; त्यांनीं कृति जपली, प्रमाण जपलें. तव्यावरचा हात मात्र रोजच्या मागणीनेंच जिवंत राहतो.

तेव्हां पुढच्या प्रवासांत निदान एका वेळेस त्या गांवचें जें असेल तें मागावें. आवडलें तर आंत जाऊन करणारीला तसें सांगावें. आणि घरीं परतल्यावर, आई किंवा आजी अजून चुलीपुढें उभी राहत असेल तर, तिच्याशेजारीं जाऊन उभें राहावें, आणि पाण्याचा अंदाज ती कशावरून घेते तें विचारून घ्यावें.