डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एकट्याने वाजवली आणि एचएमव्हीने ती काढली. सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. 'कुर्बानी' या चित्रपटानंतर देशात डिस्कोची हवा होती, त्या हवेवर स्वार व्हावे एवढाच त्यांचा हेतू होता.

हाताशी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे होती. टीआर-८०८ ठेका धरते, टीबी-३०३ खालच्या पट्टीत तेच स्वर गोल गोल फिरवते आणि ज्युपिटर-८ वर राग वाजतो : भैरव, ललित, यमन, मालकंस. बेळगाव-धारवाडच्या मैफलींवर पोसलेल्या कानाला हे खटकणारच. सविस्तर आलापी नाही, विलंबित नाही, ठेका एकदा सुरू झाला की लय जराही हलत नाही. पण ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, आणि तिथे मींडेची पुसट का होईना आठवण येते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पंक रॉक ओसरून त्यापुढचे पोस्ट-पंक संगीत आले होते. 'पब्लिक इमेज लिमिटेड' या गटाने १९७९ मध्ये 'मेटल बॉक्स' हा अल्बम चक्क पत्र्याच्या गोल डब्यात विकला. त्यात जमैकाच्या डबसंगीतातला जड बेस आणि डिस्कोचा ठेका होता. शेफिल्डचे 'कॅबरे व्होल्टेअर' यंत्रांशी खेळत होते. या दोन्ही गटांना रॉक मोडायचा होता. सिंग यांना काहीच मोडायचे नव्हते, तरी त्यांची मुद्रिका तितकीच अनोळखी वाटते.

ती खपली नाही. टीबी-३०३ सुद्धा बाजारात पडले, १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे हेच यंत्र शिकागोच्या तरुणांनी उचलले. 'फ्यूचर' या गटाच्या 'अॅसिड ट्रॅक्स'पासून (१९८७) अॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाच्या 'बॉम्बे कनेक्शन' या ध्वनिमुद्रिका कंपनीने सिंग यांची मुद्रिका पुन्हा काढली, तेव्हा तिचे शिकागोशी असलेले साम्य ऐकून काहींना ती आधुनिक बनावट वाटली.

सिंग यांना 'अॅसिड हाउसचे जनक' म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे आहे; शिकागोत ही मुद्रिका कुणी ऐकल्याचा पुरावा नाही. यंत्र तेच आणि त्याच्या खोडीही त्याच, म्हणून दोन शहरांत मिळतेजुळते नाद निघाले. पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांनी युरोपात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.