गुंता खाली, चोर वर!

शिलाई मशीन रुसली की घरातला प्रत्येक जण खाली वाकतो. पाहिलंय ना? कापड उलटून बघितलं, तर टीप कुठली, नुसतं दोऱ्याचं जंजाळ! लगेच निकाल लागतो, "बॉबिन गेली." मग बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची चकरी, काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. जंजाळ तसंच. शेवटी कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतं, आणि त्यानंतर मात्र मशीनचं काही खरं नसतं.

आमच्या मरोद्यात ब्लाउज शिवून देणाऱ्या एक काकू आहेत. त्या अशा वेळी खाली बघतच नाहीत. "खाली गुंता आहे ना? मग चोर वर बसलाय," एवढं म्हणतात, वरचा सगळा दोरा काढतात, कापड दाबून धरणारं फूट उचलून तो पुन्हा ओवतात, आणि मशीन सुरळीत धावायला लागते. शेजारची मुलं तोंडात बोट घालून बघत राहतात. काकूंना विचारलं तर म्हणतात, "अरे बाळा, दोराच सांगतो. आपण ऐकत नाही."

मरोदा कुठं, असं तुमच्यातले काही जण विचारतील. छत्तीसगडमध्ये, भिलाईत. इथला मरोदा जलाशय भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी देतो, आणि दल्ली-राजहराच्या खाणींकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मरोदा नावाचं स्टेशनही आहे. त्या खाणींतलं लोहखनिज कारखान्यात येतं. कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढं विदर्भातली कितीतरी मराठी माणसं इथं नोकरीला आली आणि इथलीच झाली. कारखान्यात रेल्वेचे रूळ बनतात, म्हणून इथल्या पोरांना पोलाद म्हटलं की रूळच आठवतात. एक मीटर रूळ 60 किलोचा! मशीनची सुईसुद्धा पोलादाचीच, पण तिचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. कारागिरी मात्र तिच्या अंगावर रुळापेक्षा किती तरी जास्त आहे.

एखादी जुनी सुई मागून घ्या आणि भिंग घेऊन बघा. हातशिलाईच्या सुईचं नेढं वरच्या टोकाला असतं, हिचं टोकाजवळ. एका बाजूनं लांबच लांब खाच आहे, वरपासून नेढ्यापर्यंत. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या जरा वर एक छोटासा खळगा आहे, कुणी नखानं कोरल्यासारखा. आणि मशीनमध्ये अडकवायच्या जाड भागाची एक बाजू सपाट. यातलं काहीच शोभेसाठी नाही.

आता खरी गंमत. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते. तळाशी पोचते आणि परत वर यायला लागते. जेमतेम दोनेक मिलिमीटर वर येते, तेवढ्यात काय होतं? खाचेच्या बाजूचा दोरा खाचेत लपलेला असतो, त्यामुळं तो सुईबरोबर सहज सरकतो. खळग्याच्या बाजूचा दोरा मात्र कापडाला घासून अडकतो. सुई वर, दोरा तिथंच! मग तो बिचारा फुगून बाहेर येतो आणि त्याचा एक इवलासा फास तयार होतो. त्याच क्षणी कापडाखाली फिरणाऱ्या शटलचं टोक खळग्याजवळून सर्रकन जातं आणि तो फास पकडतं. क्षणभर उशीर झाला, तर फास निसटला आणि टीप चुकली.

पुढचं तर विश्वास न बसण्यासारखं. वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकवायचा, म्हणजे एकाला दुसऱ्यातून आरपार जायला हवं. पण खालच्या दोऱ्याचं मोकळं टोक कुठाय? तो तर बॉबिनवर गुंडाळलेला. मग आरपार जातं कोण? अख्खी बॉबिन! शटल तो फास ओढून मोठा करतं आणि बॉबिनसकट तिच्या डबीवरून पलीकडे टाकतं. प्रत्येक टिपेला. म्हणून ती डबी, म्हणजे बॉबिन केस, मशीनला पक्की जोडलेली नसते. ती नुसती अडकवलेली असते, तिच्या चारी बाजूंनी दोरा निसटून जाईल एवढी फट असते. त्या फटीत कापसाचे मऊ तंतू जमले की दोरा अडतो. काकू दर काही दिवसांनी प्लेट काढून जुन्या ब्रशनं ते झाडतात, आणि एवढ्या झाडलोटीनंच अर्धी दुखणी पळतात.

बॉबिनवरून फास गेला की वरचा दांडा दोरा खस्सकन वर ओढतो. इथं सुरू होते रस्सीखेच. वरचा दोरा वर ओढतोय, बॉबिनचा खाली. दोघांची ताकद सारखी असेल, तर त्यांची गाठ कापडाच्या पोटात लपते आणि दोन्ही बाजूंना टीप सारखी दिसते. आता समजा वरचा गडी ढिला पडला. मग गाठ कुठं जाईल? खाली! खालचा दोरा त्याला फरफटत नेतो आणि खालच्या बाजूला जंजाळ दिसतं. खालचा बिचारा आपलं काम नीट करतोय, ढिलाई वरच्याची. आलं ना लक्षात, काकू खाली का बघत नाहीत?

बरं, मग त्या फूट का उचलतात? वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो, त्यालाच सगळे टेन्शन म्हणतात. फूट खाली असलं की त्या चकत्या दोऱ्याला दाबून धरतात. वर असलं की मोकळ्या होतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला, तर तो चकत्यांच्या आत न जाता नुसता कडेवर बसतो. दिसायला सगळं ठीक, पण दाब शून्य. आणि फूट खाली सोडायचंच विसरून शिवायला बसलात, तर तेच. अशा वेळी काहीही बदलायचं नसतं, फक्त नीट ओवायचं असतं.

ही टोकाला नेढं असलेली सुई कुणाला सुचली? अमेरिकेत वॉल्टर हंटनं 1830 नंतरच्या दशकात अशी सुई आणि दोन दोऱ्यांची टीप जमवली, पण पेटंट काही घेतलं नाही. (हाच तो माणूस, ज्यानं 1849 मध्ये सेफ्टी पिन केली.) पेटंट मिळालं एलियस हाऊला, 1846 मध्ये. हाऊला म्हणे स्वप्नात रानटी लोक दिसले आणि त्यांच्या भाल्यांच्या टोकांना भोकं होती. मला ही गोष्ट नंतर रचलेली वाटते, पण ऐकायला मस्त आहे. त्याच्याही आधी, 1830 मध्ये, फ्रान्समधल्या बार्थेलमी तिमोनिए नावाच्या शिंप्यानं मशीनचं पेटंट घेतलं होतं. पॅरिसमध्ये त्याच्या मशीनवर सैन्याचे गणवेश शिवले जात. पोटावर पाय येईल या भीतीनं शिंप्यांनी 1831 मध्ये त्या मशीनची मोडतोड केली. आपल्याकडे उषा मशीन कोलकात्यात तयार होऊ लागल्या त्या 1930 नंतरच्या दशकात. आणि यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी शिलाई मशीनला मात्र अपवाद मानलं होतं.

तिमोनिएची टीप एकाच दोऱ्याची होती, साखळीसारखी. ती तुम्हाला आजही बघायला मिळेल, तांदळाच्या पोत्याच्या तोंडावर. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात, तेव्हा पोत्यांना इथं तोटा नाही. पोत्याच्या शिवणीचं बरोबर टोक धरून ओढलं, की सर्र्‌कन सगळी शिवण उसवते. भलतं टोक ओढलं तर आवळून बसते. पोत्याला ती सोय आहे, पण शाळेच्या चड्डीला तशी टीप मारली तर काय होईल, कल्पना करा!

लोकरीची विणायची मशीन हाही एकाच धाग्याचा कारभार. तिच्या प्रत्येक सुईला आकडा असतो आणि आकड्याला उघडझाप करणारी इवलीशी कडी. ही कडी 1840 नंतरच्या दशकात इंग्लंडच्या मॅथ्यू टाउनसेंडनं काढली. एका कडीनं मिटायला आळस केला की एक घर सुटतं, आणि खालची घरं ओळीनं सुटत जातात. तुमचा टी-शर्टसुद्धा असाच विणलेला असतो, भिंगातून बघा. म्हणून तो शिवताना साधी टोकदार सुई टिपा सोडते. ताणणारं कापड सुईबरोबर वर-खाली होतं, मग दोऱ्याचा फास फुगतच नाही. त्यासाठी गोल टोकाची वेगळी सुई मिळते, जी धागे न फाडता त्यांना बाजूला सारून जाते.

टिपा सुटायला लागल्या की संशय पहिला सुईवर घ्यायचा. वाकली असेल, टोक बोथट झालं असेल, पूर्ण वर सरकवलेली नसेल, किंवा उलटी बसली असेल. खळगा शटलकडे आला पाहिजे, नाहीतर शटल पकडणार काय? सुईचा नंबरही बघा. पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं. यातल्या 90 चा अर्थ सुईची जाडी 0.90 मिलिमीटर. जीन्सला 100 किंवा 110 ची लागते, मलमलीला 70 ची पुरते.

एक कोडं घालते. पायडल हलतंय, चाक गरगर फिरतंय, पण सुई जागची हलत नाही. काय झालं असेल? मशीनच्या वरच्या चाकाच्या मधोमध एक छोटी चकती असते. बॉबिन भरताना ती ढिली करतात, म्हणजे नुसतं चाक फिरतं आणि सुई विश्रांती घेते. बॉबिन भरून झाली आणि चकती आवळायची राहून गेली! अशी मशीन कुणी डोक्यावरून दुरुस्तीला नेली, तर दुकानदाराला काम दोन सेकंदांचं.

मशीन जड चालत असेल तर तेल. पण स्वयंपाकघरातलं नाही हं! आमच्याकडे जवस पुष्कळ पिकतो आणि जवसाचं तेल घरात असतं, म्हणून कुणाला तरी ते घालायचा मोह होतोच. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा चिवट थर बनतो. तैलरंगात ते वापरतात ते याच गुणासाठी. चित्र वाळायला हवं, मशीन वाळायला नको. मशीनचं तेल खनिज तेल असतं, ते असं वाळत नाही.

आता एक प्रयोग करा, मोठ्यांना सोबत घेऊन. मशीनला मोटर असेल तर आधी प्लग काढा. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये निळा. चिंधी घ्या आणि चाक हातानं, आपल्या बाजूला फिरवत दहा-बारा टिपा मारा. मग टेन्शनचा नट थोडा सैल करून पुन्हा मारा, आणि थोडा आवळून पुन्हा. चिंधीच्या खालच्या बाजूला लाल ठिपके केव्हा आले आणि वरच्या बाजूला निळे केव्हा, ते लिहून ठेवा. नट आधी कोणत्या आकड्यावर होता, तेही लिहा, म्हणजे तो परत तिथं आणता येईल.

बॉबिन केसवर एक अगदी बारीक स्क्रू दिसेल. त्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि लावलाच तर पाव फेऱ्याहून जास्त नाही.