नऊ व्होल्टचें कोडें

पायपेटी म्हटली कीं मराठी माणसाला हार्मोनियम आठवतो. इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशीं असते ती पेटी निराळी. तिला पेडल म्हणतात. तींत भाता नसतो. गिटारमधून आलेला दुबळा विद्युत्‌संदेश घ्यावयाचा, त्यास कर्कश, घोगरें वा थरथरतें रूप द्यावयाचें आणि तो ध्वनिवर्धकाकडे धाडावयाचा, हें तिचें काम. त्यास बहुधा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते.

परंतु बॅटरी संपते. म्हणून वादक घरांतील विजेवर चालणारा ॲडाप्टर जोडतो, आणि येथेंच कोडें उभें राहतें. जपानच्या बॉस कंपनीचें डीएस-१ हें पेडल १९७८ सालीं निघालें. त्याचे जुने नग बॅटरीवर उत्तम वाजतात. पण आजचा नेमका ९ व्होल्ट देणारा ॲडाप्टर जोडतांच दिवा मंदावतो, आवाज खुरटतो. मालकास वाटतें, पेटी बिघडली. आणि धडधाकट वस्तु अडगळींत जाते. वास्तविक दोष पेटीचा नाहीं आणि ॲडाप्टरचाहि नाहीं.

उलगडा असा. त्या वेळचे ॲडाप्टर दाब स्थिर राखीत नसत. पेडलास लागणारा प्रवाह अगदीं थोडा, त्यामुळें त्यांतून सुमारें १२ व्होल्ट दाब येई. जादा दाब उतरविण्यासाठीं ॲडाप्टरच्या वाटेवर कारखान्यानेंच एक रेझिस्टर व एक डायोड बसविला होता. बॅटरी या जकातनाक्याच्या पलीकडे जोडलेली; तिला जकात पडत नाहीं.

हिशेब सोपा आहे. रेझिस्टर ४७० ओहमचा व प्रवाह ५ मिलिअँपिअर धरला, तर दोहोंचा गुणाकार २.३५ व्होल्ट, डायोडचे सुमारें ०.६५, एकूण ३. बारांतून तीन गेले, नऊ उरले. नवांतून तीन गेले, तर उरतात सहाच!

यांतून एक गोष्ट ध्यानांत येते. रेझिस्टर ठराविक दाब कमी करीत नाहीं. प्रवाह दुप्पट झाला कीं त्यांतील घटहि दुप्पट होते. म्हणून १८ व्होल्टच्या ॲडाप्टरवर ९ व्होल्टचें पेडल चालविण्यासाठीं मध्यें नुसता रेझिस्टर घालणें बेभरंवशाचें. तेथें ७८०९ सारखा तीन पायांचा रेग्युलेटर हवा. प्रवाह कमीजास्त झाला तरी तो ९ व्होल्ट कायम राखतो. जादा ९ व्होल्ट उष्णतेच्या रूपानें जातात. प्रवाह १०० मिलिअँपिअर असल्यास ही उष्णता ०.९ वॅट भरते.

तेव्हां जोडण्यापूर्वीं खाचेजवळचीं अक्षरें वाचावीं. 'एसीए' असल्यास त्या जातीचाच ॲडाप्टर द्यावा, नाहींतर बॅटरी घालावी. 'पीएसए' असल्यास स्थिर ९ व्होल्टच द्यावेत. तेथें जकातनाका नसतो, आणि १२ व्होल्ट सरळ आंत शिरतात. धन-ऋणहि पाहावें, बहुतेक पेडलांच्या खाचेंत मधली खुंटी ऋण असते, परंतु सर्वांत नव्हे. पेटीवरचा नवाचा आंकडा बॅटरीपुरता खरा असेल. खाचेचें मागणें निराळें असूं शकतें.