चॅटरची तोंडी परीक्षा

भोसरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये मिलिंग चालू असताना मधूनच कानठळ्या बसवणारी किंचाळी उठते. ऑपरेटर मान वर न करता स्पीड उतरवतो आणि आवाज थांबतो. जॉबवर मात्र बारीक लाटा उमटलेल्या असतात. हा चॅटर. फ्रेडरिक टेलरने १९०७ च्या आपल्या प्रदीर्घ निबंधात धातू कापणाऱ्याच्या सगळ्या अडचणींत हीच सर्वांत गूढ आणि नाजूक ठरवली होती.

आकुर्डी, निगडी, आळंदीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून एम. टेक. करणारा एखादा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला हा विषय घेतो, जवळच्याच कारखान्यात मोजमापं करतो, जाडजूड प्रबंध बांधून घेतो. आणि मग येते व्हायवा. गाइड, बाहेरून आलेले परीक्षक, प्रोजेक्टर, हातात थोडीशी मिनिटं. पहिल्या काही स्लाइडवर रंगीबेरंगी चित्रं असतात, निळ्यापासून लालपर्यंत. ती सुरेख दिसतात, पण कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघतात. अनुभवी परीक्षक त्यांना फारशी किंमत देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ते विचारतात, “आवाज का येतो? फळ्यावर सांगा.”

इथून खरी गंमत सुरू होते. फिरणाऱ्या टूलचा प्रत्येक दात आधीच्या दाताने मागे सोडलेला पृष्ठभाग कापतो. आधीचा दात जरासा थरथरला असेल, तर तिथे लाट राहते. पुढचा दातही थरथरतच तिच्यावरून जातो. दोन्ही लाटा एकमेकींशी जुळल्या, तर निघणाऱ्या चिपची जाडी सारखी राहते. नाही जुळल्या, तर ती जाड-बारीक होते, टूलवरचा जोर कमी-जास्त होतो, थरथर वाढते आणि आणखी मोठी लाट मागे राहते. म्हणजे टूल आपल्याच मागच्या फेरीच्या खुणांनी हादरत असतं! हे कोडं १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात ट्लुस्टी आणि इंग्लंडात टोबायस यांच्या कामातून उलगडत गेलं.

मग विद्यार्थी एक साधा भागाकार मांडतो. टूलवर छोट्या हातोडीने टकटक केली, ज्याला टॅप टेस्ट म्हणतात, आणि ते सेकंदाला ६०० वेळा थरथरतं असं कळलं. टूल चार दातांचं. ६०० गुणिले ६० भागिले ४, म्हणजे मिनिटाला ९,००० फेरे. या वेगाला प्रत्येक दात नेमका जुळत्या लाटेवर येतो. ९,००० च्या निम्म्याला, म्हणजे ४,५०० लाही तसंच, आणि ३,००० लाही. या वेगांच्या आसपास शांततेचे कप्पे असतात. त्यामुळे ४,००० ला किंचाळणारं टूल वेग वाढवून ४,५०० वर नेलं की गप्प होऊ शकतं. आवाज आला की स्पीड कमी करायचा हे ज्यांच्या हातात मुरलंय, त्यांना हे ऐकून हसू येतं. पण कप्पा सापडला तर तेवढ्याच वेळात जास्त माल निघतो.

हे सगळं किती थोडक्यात सांगता येईल? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये त्यासाठी स्पर्धाच सुरू केली: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, अख्खं संशोधन. कल्पना सुचली दुष्काळातून. तिथे पाणी वाचवायला लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांची घड्याळं लावली होती.

आपल्याकडच्या व्हायवात वेळ थोडा जास्त असतो, म्हणून परीक्षक आणखी एक खडा टाकतात. “वेग वाढवून चॅटर जातो हे पटलं. मग तुमचा ऑपरेटर वेग कमी करतो तेव्हाही तो का जातो?” चांगला विद्यार्थी इथे थबकतो, खडू उचलतो. वेग अगदी कमी झाला की मागे राहणाऱ्या लाटा आखूड आणि उभ्या चढाच्या होतात. टूलच्या धारेमागची बाजू त्या चढांना घासते आणि हे घासणंच थरथरीतली शक्ती खाऊन टाकतं. ऑपरेटरचंही बरोबरच असतं; फक्त त्याच्या उपायात जॉबला वेळ जास्त लागतो.