चौऱ्याऐंशीची साखळी : एक विक्रम आणि त्यामागची मोजणी

५ जुलै २००४ या दिवशी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर यजमान डॉजर्स संघ अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सविरुद्ध दोन धावांनी पुढे होता. शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगमध्ये चेंडू एरिक गान्येच्या हाती आला आणि ती आघाडी त्याच्याकडून निसटली. सामना बरोबरीत आला. पुढे दहाव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी तो जिंकला, म्हणजे निकालाच्या दृष्टीने काहीच बिघडले नाही. तरीही हा सामना बेसबॉलच्या इतिहासात नोंदला गेला. कारण त्याआधी २८ ऑगस्ट २००२ पासून गान्येने हाती आलेल्या अशा ८४ आघाड्या एकही न गमावता राखल्या होत्या. पंच्याऐंशीवी गेली, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

हा विक्रम अजून अबाधित आहे. पण विक्रम म्हणजे केवळ पराक्रम नसतो. काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे, हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. पराक्रम त्या चौकटीत घडतो. गान्येची साखळी हे त्याचे फार बोलके उदाहरण आहे. म्हणून ८४ हा आकडा नेमका कशाचा आहे, त्यात माणसाचा वाटा किती आणि नियमाचा किती, हे सुटे करून पाहण्याचा हा प्रयत्न.

शेवटचे तीन बळी

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात आणि तीन गडी बाद झाले की एक इनिंग संपते. म्हणजे सामना जिंकायचा तर साधारणपणे सत्तावीस गडी बाद करावे लागतात. आपल्या गोलंदाजाच्या जागी तिथे पिचर असतो. तो सलग चेंडू टाकत राहतो. दर षटकाला हात बदलत नाही. तो थकला किंवा मार खाऊ लागला की प्रशिक्षक त्याला काढून दुसरा पिचर आणतो, आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्यांना रिलीफ पिचर म्हणतात. त्यांतला शेवटी राखून ठेवलेला, आघाडी सांभाळून सामना संपवणारा, तो क्लोजर. त्याच्या वाट्याला बहुधा एकच इनिंग, म्हणजे तीन बळी येतात. टी-ट्वेंटीत शेवटचे षटक टाकणाऱ्या गोलंदाजाशी त्याची तुलना करता येईल. फरक इतकाच की क्लोजरचे सगळे काम त्या एका षटकापुरतेच असते.

सेव्ह कुठून आला?

बेसबॉल हा हिशेबाचा षौक असलेल्या लोकांचा खेळ आहे. तरी कितीतरी दशके रिलीफ पिचरचे काम मोजायला धड माप नव्हते. १९५९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या एलरॉय फेस या रिलीफ पिचरच्या नावावर १८ विजय आणि अवघा १ पराभव लागला. सगळे थक्क झाले. पण शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन याने बारकाईने पाहिले, तर त्यांतल्या अनेक सामन्यांत फेसने आधी आघाडी घालवली होती आणि मग त्याच्या फलंदाजांनी धावा करून सामना जिंकून दिला होता. चूक करणाऱ्याला श्रेय मिळत होते, आणि जो आघाडी राखून सामना संपवतो त्याच्या खात्यात काहीच पडत नव्हते.

होल्ट्झमनने १९६० मध्ये यासाठी नवी मोजणी सुचवली. तीच सेव्ह. १९६९ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. आजचा नियम ढोबळमानाने असा : पिचरने आपल्या संघाचा जिंकलेला सामना संपवला पाहिजे, विजय त्याच्या स्वतःच्या खात्यावर नसला पाहिजे, आणि तो आला तेव्हा आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नसली पाहिजे व त्याने किमान एक इनिंग टाकली पाहिजे. याला पर्यायी दोन कलमेही आहेत. बरोबरीची धाव बेसवर, फटक्याला किंवा त्यापुढच्या फलंदाजाच्या रूपात उभी असताना तो आला असेल, किंवा त्याने तीन इनिंग टाकल्या असतील, तरी सेव्ह मिळतो. आघाडी असताना येऊन ती गमावली, तर तो बिघडलेला सेव्ह. गान्येची साखळी म्हणजे दोन बिघाडांमधले अंतर.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीन धावांची आघाडी घेऊन आलेला पिचर दोन धावा देऊनही सेव्ह मिळवतो. एका धावेची आघाडी घेऊन आलेल्याला एकही धाव परवडत नाही. नियमाच्या लेखी दोघे सारखेच. शिवाय नवव्या इनिंगच्या सुरुवातीला पुढे असलेला संघ शंभरांपैकी सुमारे ९५ सामने जिंकतोच, आणि क्लोजर नावाची सोय रूढ होण्याआधीही हे प्रमाण जवळपास इतकेच होते. मग ८४ चे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गणितात आहे.

थोडे गणित

सेव्हच्या संधी या आघाडीच्या सर्व प्रसंगांपैकी निसटत्या आघाडीच्या संधी असतात, म्हणून त्यांत यशाचे प्रमाण ९५ पेक्षा खाली येते. या कामातला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा मारियानो रिव्हेरा याने कारकिर्दीत ६५२ सेव्ह मिळवले. त्याच्या यशाचे प्रमाण सुमारे ८९ टक्के होते. आपण हिशेबासाठी ९० धरू. दहांपैकी नऊ वेळा यशस्वी होणारा पिचर ओळीने ८४ वेळा यशस्वी होण्याची शक्यता किती? शून्य दशांश नऊचा ८४ वा घात काढला की उत्तर येते सुमारे सात हजारांत एक. प्रमाण ८५ टक्के धरले, तर ते साडेआठ लाखांत एकच्या आसपास जाते.

अर्थात असे प्रयत्न अनेक पिचर अनेक वर्षे करत आले आहेत, त्यामुळे कोणाची ना कोणाची तरी साखळी लांबणारच. गान्येच्या आधीचा उच्चांक टॉम गॉर्डनचा होता, ५४. नंतर बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन २०१७ मध्ये ६० पर्यंत पोहोचला. साठावरून चौऱ्याऐंशीवर जायचे तर आणखी २४ वेळा सलग यश हवे, आणि ९० टक्क्यांच्या पिचरला ते साधारण बारा-तेरा वेळांतून एकदा जमेल. ही दरी केवळ नशिबाने भरून निघत नाही. त्या काळापुरते तरी गान्येचे प्रमाण ९० च्या बरेच वर गेले असले पाहिजे. ते ९८ धरले, तर ८४ ची साखळी साधारण साडेपाचांत एक इतकी शक्य कोटीतली होते.

चेंडूत काय होते?

गान्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला, मातृभाषा फ्रेंच. महाविद्यालयीन बेसबॉलसाठी तो अमेरिकेत ओक्लाहोमाला आला, आणि १९९७ मध्ये त्याच्या कोपरावर मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉजर्ससाठी त्याने सुरुवातीचा पिचर म्हणून जी दोन-तीन वर्षे काढली, ती सामान्यच होती. २००२ मध्ये त्याला शेवटच्या इनिंगचे काम दिले आणि सगळे पालटले.

कारण समजायला सोपे आहे. शंभर चेंडू टाकायचे असतात तेव्हा पिचर ताकद राखून टाकतो, आणि तेच फलंदाज तीन-तीनदा समोर येऊन त्याला ओळखू लागतात. पंधरा-वीस चेंडूंत काम संपणार असेल तर राखायचे काहीच नसते. गान्येचा वेगवान चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या बराच पुढे जाई. पिचर आणि फलंदाज यांच्यातले अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही कमी, आणि चेंडू टप्पा न घेता येतो. फलंदाजाला सुमारे चार दशांश सेकंद मिळतो. त्याच हाताच्या वेगाने, त्याच हालचालीतून गान्ये दुसरा चेंडू टाकी तो चेंजअप. हा आपल्याकडच्या फसव्या संथ चेंडूचा भाऊबंद. पण तो शेवटच्या क्षणी खाली बुडी मारी. पहिल्यासाठी फिरवलेली बॅट दुसऱ्याच्या वरून निघून जाई.

२००३ च्या हंगामात त्याने ५५ संधींत ५५ सेव्ह मिळवले. ८२ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगमध्ये, म्हणजे २४७ बळींपैकी, १३७ फलंदाज त्याने चेंडू मैदानात जाऊ न देता बाद केले. निम्म्याहून अधिक. दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.२० होती. त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. १९९२ नंतर रिलीफ पिचरला तो पहिल्यांदाच मिळत होता.

जे मोजले गेले नाही

याच निर्दोष हंगामात गान्येच्या नावावर ३ पराभव आहेत. बरोबरीच्या स्थितीत आलेल्या पिचरने धाव दिली, तर संघ हरतो आणि पराभव त्याच्या खात्यावर जातो. पण आघाडीच नव्हती म्हणून सेव्ह बिघडला असे होत नाही. साखळीला धक्का लागत नाही.

त्याहून बोलका प्रसंग १५ जुलै २००३ चा. शिकागोतल्या ऑल-स्टार सामन्यात गान्येने आठव्या इनिंगमध्ये आघाडी घालवली. हँक ब्लेलॉकने त्याला दोन धावांचा होमरन मारला आणि त्याचा संघ ६-७ असा हरला. गंमत अशी की त्याच वर्षापासून या सामन्याच्या विजेत्या लीगला अंतिम मालिकेत घरच्या मैदानाचा लाभ द्यायचे ठरले होते. म्हणजे हा सामना मोलाचा होता, पण प्रदर्शनी सामन्यांचे आकडे हंगामाच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून साखळी शाबूत राहिली.

आणखी एक अदृश्य वाटा संघाचा. त्या वर्षी डॉजर्सच्या धावा सर्व संघांत सर्वांत कमी होत्या, ५७४. पण पिचिंग उत्कृष्ट होते. कमी धावांचे, निसटत्या आघाडीचे सामने पुष्कळ झाले. मोठ्या फरकाने जिंकणाऱ्या संघात गान्येला ५५ संधी मिळाल्याच नसत्या.

इथे नाशिकचे बापू नाडकर्णी आठवतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी ओळीने १३१ निर्धाव चेंडू टाकले. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. निर्धाव चेंडू धावफलकावर अवलंबून नसतो. तो टाकणाऱ्याचा असतो. पण त्या साखळीने सामना कोणत्या बाजूला झुकला हे कळत नाही, आणि तो सामना अनिर्णितच राहिला. गान्येची साखळी नेमकी उलट आहे. तिच्यात विजय आहे, पण चेंडूगणिक शुद्धता नाही. दोन्ही विक्रम खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

मोजणीचा नियम पुढे माणसांनाच कसा हाकू लागतो, हे ब्रिटनच्या बाबतीत दिसले. २०१६ मध्ये त्याने ४७ पैकी ४७ सेव्ह मिळवले, सरासरी ०.५४. त्या वर्षी टोरंटोतल्या एकाच सामन्याच्या बाद फेरीत बरोबरी ताणत अकराव्या इनिंगपर्यंत गेली. आघाडी नव्हती, म्हणून ब्रिटनला आणलेच नाही. बाल्टिमोर हरले, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम रिलीफ पिचर एकही चेंडू न टाकता घरी गेला. होल्ट्झमनने काम मोजण्यासाठी माप तयार केले. लोक मापाप्रमाणे काम वाटू लागले.

डाग

१३ डिसेंबर २००७ रोजी माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा बेसबॉलमधील उत्तेजकांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात गान्येचे नाव होते. २००४ मध्ये त्याला मानवी वाढ-संप्रेरक पाठवल्याचा उल्लेख होता. २०१० मध्ये त्याने ते घेतल्याचे मान्य केले आणि गुडघ्याच्या दुखापतीतून सावरण्यासाठी घेतल्याचे सांगितले. बेसबॉलच्या बंदी-यादीत हे संप्रेरक २००५ मध्ये आले, पण वैध उपचाराशिवाय ते वापरणे आधीही कायद्याला धरून नव्हते.

आता ८४ मधून किती वजा करायचे? हे कोणालाही सांगता येणार नाही. निरोगी खेळाडूच्या ताकदीवर या संप्रेरकाचा परिणाम किती, याचा पुरावा कच्चा आहे. पण दुखऱ्या शरीराने दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्यालाच जिथे मोल आहे, तिथे ‘सावरण्यासाठी घेतले’ हे समर्थन ठरत नाही. तोच तर फायदा. आणि ज्या पिचरांनी ते घेतले नाही, त्यांच्या तुटलेल्या साखळ्यांची नोंद कुठल्याच यादीत नाही.

शरीराने आपला हिशेब वेगळा मांडला. २००५ मध्ये गान्येच्या कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पुढे पाठीवरही. २००५ आणि २००६ मिळून त्याला ९ सेव्ह मिळाले. कारकिर्दीतल्या १८७ सेव्हपैकी १५२ एकट्या तीन हंगामांतले आहेत.

विक्रमांच्या पुस्तकात ८४ पुढे तारांकन नाही, तळटीप नाही. मला वाटते, तारांकनाने फारसे साधणारही नाही. आकडा खोटा नाही, फक्त अपुरा आहे. त्याच्याशेजारी एका पत्रकाराचा नियम, कमी धावांचा एक संघ, बुडी मारणारा चेंडू, न मोजलेले पराभव आणि न सांगितलेली इंजेक्शने एवढे सगळे ठेवले, की मग तो वाचता येतो. ही खबरदारी केवळ बेसबॉलपुरती नाही. शंभर टक्के निकालाची शाळा असो की एकही निवडणूक न हरलेला पुढारी, अखंड साखळी दिसली की टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण मोजणी कोणी ठरवली आणि तिच्याबाहेर काय राहिले, एवढे विचारल्याशिवाय उठू नये.