नामदेव, संत

नामदेव, संत : (पारंपरिक काल २६ ऑक्टोबर १२७०–३ जुलै १३५०). वारकरी संप्रदायातील श्रेष्ठ संतकवी, कीर्तनकार व वाग्गेयकार. स्वतः पदे रचून ती स्वतःच लोकांसमोर गाणाऱ्या मराठी संतांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर (१२९६) पंढरपूरच्या संतमेळ्यापासून दूर जाऊन त्यांनी उत्तर भारतात केलेला संचार व तेथील पदरचना हा त्यांच्या कार्याचा सर्वांत व्यापक आणि तितकाच विवाद्य भाग होय.

जन्म व कुटुंब : नामदेवांच्या वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे गोणाई. घराण्याचा व्यवसाय शिंप्याचा. कयाधू नदीच्या काठचे नरसी बामणी हे त्यांचे जन्मगाव, अशी मराठवाड्यातील परंपरा असून हे गाव आता ‘नरसी नामदेव’ ह्या नावाने ओळखले जाते. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते; १ मे १९९९ पासून ते नव्याने निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यात मोडते. काही अभ्यासकांनी पंढरपूर, तर काहींनी कऱ्हाडच्या परिसरातील नरसिंगपूर हे जन्मस्थान मानले आहे. बालपण पंढरपुरात गेले, ह्याविषयी मात्र फारसा मतभेद नाही. पत्नी राजाई, पुत्र नारा, म्हादा, गोंदा व विठा आणि कन्या लिंबाई असा त्यांचा परिवार होता. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई हीदेखील थोर कवयित्री झाली. घरातील बहुतेक सर्वांच्या नावांवर अभंग आढळतात. ह्यावरून पदरचना व गायन हा त्या घराचा नित्याचा व्यवहार होता, असे दिसते.

वाग्गेयकार : शब्द (मातु) आणि स्वररचना (धातु) ही दोन्ही ज्याची स्वतःची, त्यास भारतीय संगीतशास्त्रात वाग्गेयकार म्हणतात. ह्या संज्ञेचे विस्तृत विवेचन करणारा शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर हा ग्रंथ नामदेवांच्या आधी काही दशके, यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयाने देवगिरीस लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचा उत्तम वाग्गेयकार व्याकरण, छंद, अलंकार, रस, ताल इत्यादींत पारंगत व राजसभेत शोभणारा असा आहे. नामदेवांजवळ ह्यांपैकी शास्त्राध्ययन नव्हते आणि राजाश्रयही नव्हता. त्यांची सभा म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट आणि श्रोते म्हणजे वारीस आलेले शेतकरी व कारागीर. दक्षिण फ्रान्समधील त्रूबदूर कवीही आपली गीते स्वतः रचीत व त्यांना चाली लावीत. परंतु त्यांचा आधार बव्हंशी सरदारांचे दरबार हा होता. आश्रयदात्यावाचून केवळ श्रोत्यांच्या बळावर उभा राहिलेला गायक-कवी म्हणून नामदेव त्यांच्याहून वेगळे ठरतात. देवगिरीचे राज्य १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीच्या स्वारीने खिळखिळे झाले व पुढे सु. दोन दशकांत लयास गेले. दरबारावर अवलंबून नसलेले कीर्तन मात्र टिकून राहिले.

कीर्तन व अभंग : वारकरी कीर्तनपरंपरेचे प्रवर्तक म्हणून नामदेवांकडे पाहिले जाते. वीणा, टाळ, चिपळ्या व मृदंग ह्यांच्या साथीने कीर्तनकाराने उभ्याने गावे, नाचावे, निरूपण करावे आणि साथीदारांनी ध्रुपद उचलून धरावे, असे ह्या प्रकाराचे स्वरूप आहे. ह्यासाठी अभंग हा छंद विशेष सोयीचा ठरला. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चार चरण असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते. अक्षरसंख्येचे बंधन असले, तरी लघुगुरूंचे नसल्यामुळे तो अनेक चालींत व तालांत सहज बसतो. ह्या छंदाचे लक्षण सांगणारा एक अभंगही नामदेवांच्या नावावर आहे. आदि, तीर्थावळी व समाधी ही ज्ञानदेवांच्या चरित्राची तीन प्रकरणे त्यांनी अभंगांतून रचली. ही प्रकरणे त्यांचीच मानल्यास मराठी चरित्रकाव्याचे जनकत्वही त्यांच्याकडे जाते.

गुरुप्राप्ती : ज्ञानदेवादी संतांच्या भेटीत गोरा कुंभाराने सर्वांच्या डोक्यांवर थापटणे मारून मडकी पारखावी तशी परीक्षा घेतली आणि गुरू नसल्याने नामदेव कच्चे ठरले, अशी कथा आहे. त्यानंतर ते औंढा नागनाथ (जि. हिंगोली) येथे विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांचे पाय नामदेव जिकडे उचलून ठेवू लागले तिकडे पिंडी दिसू लागली, ह्या प्रसिद्ध आख्यायिकेतून देव एका मूर्तीपुरता नसल्याचा बोध सूचित होतो. नामदेवांच्या मराठी अभंगांतील सगुण विठ्ठलभक्ती आणि उत्तरेतील पदांतील निर्गुणाकडे असलेला कल ह्यांमधील दुवा म्हणून अभ्यासकांनी ह्या प्रसंगाकडे पाहिले आहे.

उत्तरेतील संचार : ज्ञानदेव, त्यांची भावंडे व इतर समकालीन एकामागून एक निघून गेल्यावर नामदेव एकाकी झाले. समाधी प्रकरणातील विरहाची तीव्रता ह्या एकाकीपणाची साक्ष देते. पुढे ते राजस्थानमार्गे पंजाबात गेले व गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, अशी परंपरा आहे. तेथे त्यांच्या नावे गुरुद्वारा असून माघ महिन्यात उत्सव भरतो. नव्या मुलखात त्यांनी मराठीचा आग्रह धरला नाही. श्रोत्यांना समजेल अशा मिश्र हिंदीत त्यांनी पदे रचली. तथापि त्यांत मराठी रूपे डोकावतात व ‘बीठल’ हे नावही येते. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव ह्यांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. आसा, धनासरी, गोंड, रामकली, भैरव, बसंत, मल्हार इ. १८ रागांत ती विभागलेली आहेत. कबीर व रविदास ह्यांच्या रचनांत नामदेवांचा आदराने उल्लेख येतो. राजस्थानातील दादूपंथीयांच्या पंचवाणीतही त्यांच्या पदांना स्थान आहे.

आदिग्रंथातील भैरव रागातले एक पद ह्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. देवळात भजन करीत असता हीन जातीचा म्हणून नामदेवांना हाताला धरून बाहेर काढण्यात आले. घोंगडी उचलून ते देवळाच्या मागे जाऊन बसले व गात राहिले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, असा त्याचा आशय आहे. पदात गावाचे नाव नाही. परंपरा हा प्रसंग औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडते. जन्मभूमीच्या परिसरात झालेला अपमान दूरच्या प्रांतात, परक्या भाषेत गाइला गेला आणि तेथील धर्मग्रंथात चिरस्थायी झाला. गायकाला बाहेर काढता येते, गाणे काढता येत नाही, हाच ह्या कथेचा मथितार्थ होय.

कर्तृत्वाचा प्रश्न : मराठी गाथेतील व आदिग्रंथातील नामदेव एकच की भिन्न, हा वाद जुना आहे. रा. गो. भांडारकरांनी अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन असल्याच्या आधारे नामदेवांचा काळ सु. एक शतक पुढे ओढला. महाराष्ट्रातील परंपरेनुसार नामदेवांनी पंढरपुरास महाद्वारी समाधी घेतली, तर पंजाबातील परंपरेनुसार त्यांचा अंत घुमान येथे झाला. आदिग्रंथाचे संकलनही पारंपरिक निधनकालानंतर अडीचशे वर्षांनी झालेले आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाभारताची मराठी रचना करणारा विष्णुदास नामा ह्याच्यासारखे नामसदृश कवी आणि ‘नामा म्हणे’ ही मुद्रिका वापरणारे अनेक अनुयायी ह्यांमुळे गुंतागुंत वाढली. सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रीनामदेव गाथेतील सर्वच रचना एका हातच्या असणे शक्य नाही, हे आता सर्वमान्य आहे.

तथापि भाषेच्या अर्वाचीनतेवरून काढलेला निष्कर्ष निर्णायक मानता येत नाही. नामदेवांची पदे लिहून नव्हे, तर गाऊन जतन झाली आणि गाणाऱ्या प्रत्येक पिढीने जुने शब्द नकळत आपल्या बोलीत आणले. अमेरिकन अभ्यासक क्रिस्टियन नोव्हेट्‌स्की ह्यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात नामदेवांची परंपरा लेखनापेक्षा प्रयोगाची, म्हणजे कीर्तनाची मानून तिच्या सामूहिक कर्तृत्वावर भर दिला आहे. वाग्गेयकाराच्या दृष्टीने पाहता खरी हानी निराळीच आहे : नामदेवांचे मातु काही अंशी तरी उरले, धातु मात्र नष्ट झाले. आदिग्रंथात रागांचे निर्देश आहेत, पण स्वरलेखन नाही. वारकरी चालीही मौखिक परंपरेने बदलत आल्या. नामदेव प्रत्यक्ष कसे गात, हे कोणत्याही पोथीतून कळू शकत नाही.

प्रभाव : नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपणास कवित्व करण्याची आज्ञा केली, असे तुकारामांनी स्वतः नमूद केले आहे. महिपतीच्या भक्तविजय (१७६२) ह्या ग्रंथात नामदेवांच्या कथांना मोठे स्थान आहे. विसाव्या शतकात राम फाटक ह्यांनी स्वरबद्ध केलेले व भीमसेन जोशी ह्यांनी गाइलेले नामदेवांचे अभंग आकाशवाणी व ध्वनिमुद्रिकांद्वारे घरोघरी पोहोचले. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील पहिली पायरी ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.